बल्ब बिचारा निर्दोष असतो!

हेडलाइट गेला की आपला पहिला उपचार ठरलेला: डूमवर एक थाप. आणि गंमत म्हणजे लाइट पुष्कळदा लागतोही! हसू नका, ही थाप म्हणजे फुकटातलं निदान आहे. थापेनं उजेड आला याचा अर्थ फिलामेंट बहुधा शाबूत आहे. दोष होल्डरमध्ये, कप्लरमध्ये नाहीतर अर्थच्या वायरीत. तरीही पुढच्या गावात पोचलो की आपण नवा बल्बच मागतो. लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीवर बल्बाइतका नाहक बदनाम झालेला पार्ट दुसरा नसेल.

वळणावरचा दगा. हँडल पूर्ण वळवलं की लाइट जातो, सरळ केलं की परत येतो? मग बल्ब सोडा, हँडलच्या मुळाशी चेसिसच्या मानेजवळ वायरिंगचा जुडगा जातो तिथे चाचपा. दर वळणाला तिथली वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतल्या तांब्याच्या तारा तुटतात, वरचं प्लॅस्टिक मात्र नवंकोरं दिसतं. म्हणून हा लाइट नेमका घाटातल्या हेअरपिन वळणावर जातो आणि मेकॅनिकच्या दारात, सरळ हँडलवर, शहाण्यासारखा जळतो.

एक गेला की दोन्ही? १९७१ साली युरोपात आलेल्या एच-४ बल्बात दोन फिलामेंट असतात, ५५ वॉटचं डिपर आणि ६० वॉटचं अप्पर. दोन्हींपैकी एकच बंद असेल तर पहिला संशय खुशाल बल्बवर घ्या. दोन्ही एकदम बंद? फ्यूज, स्विच, अर्थ बघा. आणि दोन्ही फिलामेंट खरंच जळालेली निघाली, त्यातही नवा बल्ब आठवड्यात पुन्हा उडाला, तर गुन्हेगार बहुतेक रेग्युलेटर. इंजिन थोडं रेझ करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १४-१४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. १५च्या वर काटा गेला की तिसरा बल्ब घेण्यात अर्थ नाही.

जुन्या बुलेटवाल्यांना मल्टिमीटरही लागत नसे. डूमच्या वरच बसवलेल्या अँपिअर मीटरची सुई सगळं सांगायची. गाडी चांगल्या वेगात, लाइट चालू आणि सुई तरी वजाकडे झुकलेली, म्हणजे चार्जिंग होत नाही आणि लाइट बॅटरीची पुंजी खातोय. त्याच डूमवरचे दोन छोटे दिवे, ते प्रसिद्ध ‘टायगर आय’, रस्ता दाखवायला कुचकामी. पण मोठा लाइट गेला तर समोरच्या ट्रकला आपण दिसतो, हेही कमी नाही.

चेतकच्या पिढीला वेगळीच कसरत ठाऊक आहे. पहिल्या गिअरमध्ये चढ, इंजिन मंद, लाइट मंद. ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख! तो बिघाड नव्हताच. लाइट बॅटरीवर नव्हे तर थेट मॅग्नेटोवर चालायचा, त्यामुळे इंजिन जेवढं पळेल तेवढा उजेड. रेग्युलेटर नसलेल्या स्कूटरांत तर एक बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचं व्होल्टेज उरलेल्यांवर चढायचं आणि तेही पाठोपाठ सती जायचे.

इतिहासातला अंधार. सुरुवातीच्या मोटारसायकलींवर कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं, ॲसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. तिथे ‘फॉल्ट शोधणं’ म्हणजे पाण्याची तोटी बघणं! १९१४ साली अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीनं ‘हेंडी स्पेशल’वर विजेचे दिवे आणि सेल्फस्टार्ट दोन्ही दिले. कल्पना झकास होती, पण बॅटऱ्यांनी मान टाकली. ब्रिटिश गाड्यांचे दिवे बरीच वर्षं लुकास कंपनीचे. तिकडच्या बायकर्सनी जोसेफ लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ करून टाकलं आणि त्यांच्या स्विचला तीन पोझिशन असतात अशी अफवा पसरवली: मंद, फडफड आणि बंद. जुनी ब्रिटिश गाडी हाताशी असेल तर एक ध्यानात ठेवा. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक चेसिसला जोडलेलं असतं. साधा बल्ब तक्रार करत नाही, पण एलईडी उलटा जोडला जातो आणि पेटतच नाही.

आता एक खास गंमत. होंडाच्या ‘गोल्डविंग’सारख्या अनेक जपानी गाड्यांत स्टार्टरचं बटण दाबलं की हेडलाइट क्षणभर विझतो, म्हणजे सगळा करंट स्टार्टर मोटरला मिळतो. यासाठी हेडलाइटचा करंट त्या बटणातूनच फिरवलेला असतो. बटणाचे पॉइंट काळवंडले की इंजिन झक्कास सुरू होतं, लाइट मात्र लागत नाही. अशा वेळी इंजिन बंद करा, इग्निशन ऑफ ठेवा आणि बटण दहाबारा वेळा दाबून सोडा. पॉइंट घासले जाऊन लाइट आला तर रोग सापडला. पॉइंट खोलून साफ करणं हा पुढचा, पक्का इलाज.

रस्त्यात हरवलेला उजेड. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. ‘लाइट आहे, पण पिवळट, मिणमिणता’ ही तक्रार ऐकली की दुकानदार १००/९० वॉटचा बल्ब काढतो. जरा थांबा. फिलामेंटला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीतून निघालेला करंट इग्निशन लॉक, हँडलवरचा स्विच, चार-पाच कप्लर अशा टोलनाक्यांवरून जातो, आणि प्रत्येक नाका थोडं थोडं कापून घेतो. डूमची रिंग सोडवून होल्डर ओढून बघा. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, एका पितळी पट्टीवर काळा डाग, शेजारची वायर कडक होऊन कुरकुरणारी दिसली, तर उजेडाऐवजी तिथे उष्णता तयार होत होती. अशा होल्डरमध्ये ५ अँपिअरऐवजी ८ अँपिअर ओढणारा १०० वॉटचा बल्ब खुपसणं म्हणजे वायरमनला आगाऊ गिऱ्हाईक मिळवून देणं. खरा उपाय रिले: बॅटरीपासून जाड वायर थेट बल्बाला, आणि जुना स्विच फक्त रिलेला हुकूम सोडतो. त्याच ६०/५५च्या बल्बातून मग जो उजेड पडतो तो बघून लोक विचारतात, कुठला बल्ब टाकलास?

बल्ब बदलायचाच असेल तर वडापाव खाल्लेल्या हातानं काचेला शिवू नका. हॅलोजनची काच भयंकर तापते, आणि तेलाचा ठसा उमटलेली जागा कमजोर पडून बल्ब लवकर जातो.

एलईडीचं काय? एच-४मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती उजेडाचा खालचा भाग अडवते, म्हणून डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. बाजारातल्या स्वस्त एलईडीत ही वाटी आणि फिलामेंटची अचूक जागा, दोन्हींची नक्कल जेमतेम असते. मग प्रकाश चिक्कार, पण रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर. शिवाय एलईडी पुढच्या बाजूला फारशी उष्णता फेकत नाही. पावसाळ्यात डूमच्या काचेत धरलेलं बाष्प हॅलोजन वाळवून टाकतो, एलईडीत ते रेंगाळतं.

आंबोलीच्या धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. पिवळा दिवा धुकं ‘भेदतो’ ही समजूत मात्र कच्ची. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की पिवळ्या-पांढऱ्यात विखुरण्याचा फरक जवळजवळ राहत नाही. खरं काम करतो तो खाली लावलेला, रुंद फेकीचा दिवा.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. मागे बायको, दोन्ही बाजूंना पॅनिअर, वर तंबू. गाडीचं ढुंगण बसतं, नाक वर होतं आणि आपला डिपर समोरच्याला अप्पर वाटतो. सामान लादून, गाडीवर बसून, १० मीटरवरच्या भिंतीवर फोकस बघा. १० सेंटिमीटर खाली उतरला म्हणजे १ टक्का उतार, छान. मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवून बहुधा काम भागतं.

१ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो. तरी आजही रस्त्यावर काका-मामा पंजा उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असं प्रेमानं सांगतात. त्यांना हात दाखवा आणि पुढे चला.

पिशवीत जादा बल्बासोबत त्याच अँपिअरचे दोन-तीन फ्यूज टाका. १५चा उडाला तर १५चाच घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलीत तर पुढच्या शॉर्टला फ्यूज टिकेल आणि वायरिंग जळेल.