पॅकेट हरवलं, तर थांबायचं कोणी?

ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी यूडीपीचं वर्णन तीन पानांत उरकलं. आठ बाइटांचा हेडर लावायचा, डेटाग्राम सोडून द्यायचा. पोहोचला तर पोहोचला. पुढच्या वर्षी आलेल्या टीसीपीच्या दस्तऐवजाला मात्र ऐंशीच्या वर पानं लागली, कारण त्याने हमी घेतली होती: प्रत्येक बाइट पोहोचेल, एकदाच पोहोचेल आणि पाठवला त्याच क्रमाने पोहोचेल. वेब, ईमेल, बँकांचे व्यवहार हे सगळं पुढे या हमीवर उभं राहिलं. यूडीपीच्या वाट्याला डीएनएसची छोटी विचारणा, इंटरनेटवरचे कॉल आणि गेम आले. आज मात्र क्रोममध्ये यूट्यूब उघडलं, की खाली बहुतेक वेळा यूडीपीच धावत असतो आणि त्याच्यावर क्विक नावाचा प्रोटोकॉल स्वार असतो.

अडचण क्रमाच्या हमीतच होती. २०१५ मध्ये एचटीटीपीची दुसरी आवृत्ती आली आणि ब्राउझर एकाच टीसीपी जोडणीतून मजकूर, चित्रं, स्क्रिप्ट असं सगळं एकदम मागवू लागला. रेंज डळमळीत असेल आणि त्यातलं एक पॅकेट गळालं, तर पंगतीत होतं तसं होतं. आपल्या पानात सगळं वाढून झालंय, पण टोकाच्या एकाला भात मिळाला नाही, म्हणून कोणीच घास उचलायचा नाही. गळालेलं पॅकेट एका चित्राचं. बाकीची चित्रं फोनपर्यंत येऊनही कर्नेलच्या बफरमध्ये पडून. टीसीपीला चित्रं दिसतच नाहीत, दिसते ती बाइटांची एकच सलग रांग.

मग टीसीपीच का सुधारला नाही? तो कर्नेलमध्ये राहतो आणि जगभरचे कर्नेल बदलायला वर्षानुवर्षं जातात. शिवाय वाटेत राउटर, फायरवॉल आणि नॅट बसलेले. त्यांना ओळखीचं नसलेलं काही ते पुढे जाऊ देत नाहीत. २००० साली एससीटीपी नावाचा प्रोटोकॉल एकाच जोडणीत अनेक प्रवाह घेऊन आला होता. कल्पना उत्तम होती, पण घरोघरच्या नॅटना तो कळेना आणि थेट इंटरनेटवर तो रुजलाच नाही. म्हणून गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी २०१२ मध्ये क्विकसाठी यूडीपीचा आधार घेतला. यूडीपीला सगळे ओळखतात. पोहोच, क्रम, वेग आणि गुप्तता या बाबी वरच्या थरात, कर्नेलबाहेर, अॅपच्या प्रोग्राममध्येच हाताळायच्या. २०१६ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने हे काम हाती घेतलं आणि मे २०२१ मध्ये जना अय्यंगार व मार्टिन थॉमसन यांनी संपादित केलेला आरएफसी ९००० प्रसिद्ध झाला. एचटीटीपीची तिसरी आवृत्ती त्यावरच चालते.

क्विकमध्ये जवळजवळ सगळं एन्क्रिप्ट का असतं, याचं एक उत्तर गूगलच्या २०१७ च्या शोधनिबंधात सापडतं. सुरुवातीच्या क्विकमध्ये हेडरचा पहिला बाइट उघडा असे. गूगलने त्यातला एक बिट बदलला आणि काही जणांच्या जोडण्या अडकू लागल्या. एका फायरवॉलने त्या बाइटवरूनच क्विकची ओळख ठरवली होती. ती पहिली काही पॅकेटं सोडायची आणि नंतरची गिळायची, त्यामुळे ब्राउझरलाही टीसीपीकडे परत वळायचं सुचेना. मधल्या यंत्रांना जे दिसेल त्यावर ती विसंबतात, आणि मग ते कधीच बदलता येत नाही. आता पॅकेटचा क्रमांकसुद्धा झाकलेला असतो.

प्रोग्रामरला यातून मिळतात ते प्रवाह. प्रत्येक प्रवाहात क्रम पाळला जातो. दोन प्रवाहांमध्ये मात्र क्रमाचं कसलंही बंधन नसतं. टीसीपीवर वाढलेला माणूस इथेच पहिल्यांदा आपटतो. 'फाइल पुसा' हा निरोप एका प्रवाहात आणि 'नवी फाइल घ्या' हा दुसऱ्यात पाठवला, तर दुसरा आधी पोहोचू शकतो. ज्यांचा एकमेकांशी क्रमाचा संबंध आहे, त्या गोष्टी एकाच प्रवाहात घालाव्यात.

प्रवाहाच्या क्रमांकातले शेवटचे दोन बिट पाहिले, की तो कोणी उघडला आणि एकेरी आहे की दुहेरी, हे कळतं. क्लायंटने उघडलेले दुहेरी प्रवाह म्हणून ०, ४, ८, १२ असे चालतात. उघडणं म्हणजे फक्त पुढचा क्रमांक घेणं. त्यासाठी पलीकडे काही पाठवावं लागत नाही. सोय मोठी, पण तिच्यात एक खड्डा आहे. गो भाषेतली क्विक-गो लायब्ररी घ्या. क्लायंटने प्रवाह उघडला आणि सर्व्हरच्या स्वागताची वाट पाहत बसला, तर सर्व्हरला प्रवाह उघडल्याचा पत्ताच नसतो. तोही नव्या प्रवाहाची वाट पाहत बसतो. उघडणाऱ्याने आधी काहीतरी लिहिलंच पाहिजे. दुसरा खड्डा बंद करतानाचा. शेवटचं लिहून लगेच अख्खी जोडणी बंद केली, तर वाटेतला मजकूर गेला म्हणून समजा. आधी प्रवाह संपवा, पलीकडून उत्तर येऊ द्या, मग जोडणी बंद करा.

जोडणीची ओळख आयपी पत्ता आणि पोर्टवरून होत नाही, स्वतंत्र जोडणी क्रमांकावरून होते. त्यामुळे घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर आलेला फोन तीच जोडणी पुढे चालवू शकतो. टीएलएस १.३ आतच गुंफलेलं असल्याने ओळखपाळख जाण्यायेण्याच्या एका फेरीत होते. पूर्वी भेटलेल्या सर्व्हरला तर पहिल्याच पॅकेटबरोबर मागणी पाठवता येते. या शून्य फेरीच्या सोयीपासून जपून राहावं. ते पॅकेट कोणी टिपून पुन्हा पाठवू शकतं, म्हणून पैसे वळते करण्याची मागणी त्यातून कधीही जाऊ देऊ नये. गेममधल्या खेळाडूची जागा किंवा आवाजाचे तुकडे उशिरा पोहोचून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी मार्च २०२२ च्या आरएफसी ९२२१ ने बिनहमीच्या पण एन्क्रिप्टेड डेटाग्रामची सोय केली आहे.

हे फुकट मिळत नाही. गूगलच्या सर्व्हरवर क्विकला सुरुवातीला टीसीपी-टीएलएसच्या साडेतीनपट सीपीयू लागत होता. खटपटीनंतर तो सुमारे दुपटीवर आला. बंदिस्त डेटा सेंटरमध्ये एका यंत्रावरून दुसऱ्यावर एकच मोठी फाइल न्यायची असेल, तर टीसीपी सोडण्याचं कारण मला दिसत नाही. आपल्याकडच्या जाळ्याची गोष्ट वेगळी. गूगलच्या २०१७ च्या त्याच शोधनिबंधात दक्षिण कोरियातली फेरी ३८ मिलिसेकंदांची आणि पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेटं १ टक्का आहेत. भारतात हेच आकडे १८८ मिलिसेकंद आणि ८ टक्के. शोधाची उत्तरं लवकर येण्यातला फायदाही कोरियापेक्षा भारतात कितीतरी जास्त निघाला.

करून पाहायचं असेल, तर गोमध्ये क्विक-गो, रस्टमध्ये क्विन आणि पायथॉनमध्ये एआयओक्विक आहे. काही कार्यालयांच्या फायरवॉल यूडीपी अडवतात, तेव्हा टीसीपीची पर्यायी वाट ठेवाच. आणि चाचणी एकाच लॅपटॉपवर, एकही पॅकेट न गळता उरकू नका. लिनक्सच्या नेटएमने पाच टक्के पॅकेटं मुद्दाम गाळा, फेरीला दोनशे मिलिसेकंदांचा उशीर लावा आणि मगच दोन्ही प्रोटोकॉलांची तुलना करा.