हिवाळ्याचं बंदर कसं निवडायचं?



मागच्या व्याख्यानात आपण निवडीचा विचार तत्त्वाच्या अंगाने केला. त्यावर काही श्रोत्यांचं म्हणणं आलं, की ॲरिस्टॉटल ठीक आहे, पण एखादा खराखुरा प्रश्न घ्या. असा, की निवड चुकली तर माणसाचं काही जाईल. म्हणून आज आम्ही व्यवहारातला एक प्रश्न घेतला आहे. भूमध्य समुद्रात शिडाच्या बोटीवरच संसार करणाऱ्या माणसांनी हिवाळा कुठे काढावा?

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. आमची लेक आणि जावई इंग्लंडात स्थायिक झालेले, पासपोर्ट ब्रिटिश. गेली काही वर्षं दोघं 12 मीटर लांबीच्या बोटीवर राहतात. त्यांचं घर तेच. यंदा डिसेंबर-जानेवारीत आम्ही दोघंही त्यांच्याकडे जाणार आहोत. आमची सत्तरी उलटली आहे, सौ.चे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे हिवाळ्याचं बंदर कोणतं, हा प्रश्न एकदम चौघांचा झाला. त्यावर घरात जी चर्चा झाली तीच आज आपण नीट मांडून पाहू.

थांबायचंच कशाला?

आपल्या मनात भूमध्य समुद्र म्हणजे निळंशार पाणी आणि ऊन. ते चित्र उन्हाळ्याचं आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वादळंही तेव्हाच येतात. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्ट्रल नावाचा वारा उतरतो आणि लायनच्या आखातातून पार सार्डिनियापर्यंत समुद्र खवळून टाकतो. एड्रियाटिकच्या डोंगरांवरून बोरा कोसळतो. ट्रिएस्टेला त्याचे झोत ताशी 150 किलोमीटरच्या वर गेलेले आहेत. माल्टाकडे ईशान्येकडून ग्रेगाले येतो.

हे सगळं त्या किनाऱ्यावरच्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हेसिअड हा ग्रीक कवी शेतकऱ्याला सांगतो, की हंगाम संपला की होडी किनाऱ्यावर ओढ, तळाचं बूच काढून ठेव म्हणजे पावसाचं पाणी साचून लाकूड कुजणार नाही, आणि सुकाणू चुलीच्या धुरावर टांग. पुढे वेजेटियस या रोमन लेखकाने तर तारखाच दिल्या. 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंद.

आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारतातच. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर समुद्र पुन्हा आपला होतो. फरक इतकाच, की कोकणातला माणूस होडी शाकारून घरी जातो. बोट हेच ज्याचं घर, त्याने कुठे जायचं? त्याला बोट बांधून बोटीतच राहायचं असतं.

ऊब हा पहिला प्रश्न नाही

कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं, 'जिथे उबदार असेल तिथे जा.' पण आकडे पाहू. माल्टा हे तिथल्या मानाने उबदार ठिकाण. जानेवारीत दुपारी 15-16 अंश, रात्री 9-10. अंताल्याला दुपार साधारण तशीच, रात्र आणखी दोन-तीन अंशांनी गार. पुण्यातल्या माणसाला या थंडीचं काही वाटणार नाही. म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावर कुठेही गेलात तरी उबेत दोन-चार अंशांचाच फरक. त्या दोन-चार अंशांवर निवड करायची, तर ती फार लहान गोष्टीवर केलेली निवड होईल.

त्रास थंडीपेक्षा ओलीचा जास्त. चार माणसं एवढ्याशा जागेत श्वास घेतात, भात शिजवतात, कपडे वाळत घालतात. ती वाफ बोटीच्या गार भिंतींवर जमते आणि गाद्यांखाली बुरशी धरते. आपल्याकडचा जुलै डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. म्हणून पावसाचा हिशेब आधी करावा. स्पेनमध्ये अल्मेरियाला वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटर. ग्रीसमधल्या कोर्फूला आणि तुर्कस्तानातल्या अंताल्याला हजाराच्या वर, आणि त्यातला बहुतेक हिवाळ्यात. तिन्ही जागा नकाशावर 'भूमध्य समुद्राचा उबदार किनारा' म्हणूनच दिसतात! शिवाय दिवस लहान. मुंबईत 21 डिसेंबरलाही सुमारे 11 तास उजेड असतो. माल्टाला पावणेदहा तासही नाही. बाकीचा वेळ दिव्याखाली काढायचा.

पण ओलीवरही उपाय आहेत. धक्क्यावरून वीज घ्यावी, हवा कोरडी करणारं यंत्र लावावं, गाद्यांखाली फळ्यांची जाळी ठेवून वारा खेळता ठेवावा. ज्यावर उपाय नाही असा प्रश्न निराळाच आहे.

एक जुनी निवड

तो प्रश्न कोणता, हे कळण्यासाठी जवळजवळ 2000 वर्षांपूर्वीची एक गोष्ट पाहू. बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात ती आली आहे. तिचा धार्मिक अर्थ आज बाजूला ठेवू. आपल्याला त्यातला समुद्रप्रवास पाहायचा आहे.

पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा बंदरात त्याला आलेक्झांड्रियाच्या एका गलबतावर चढवलं. जहाजावर एकूण 276 माणसं. वारा प्रतिकूल, हंगाम सरत आलेला. रडतखडत ते क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदराला लागले. आता प्रश्न पडला, की हिवाळा इथे काढायचा का? बंदर हिवाळ्याला सोयीचं नव्हतं. त्याच किनाऱ्यावर थोडं पश्चिमेला फिनिक्स नावाचं बरं बंदर होतं, वारा बरा असेल तर साधारण एका दिवसाच्या अंतरावर. पौल म्हणाला, पुढे जाऊ नका. कप्तान आणि मालक म्हणाले, जाऊ. बहुमतही त्यांच्याच बाजूने. दक्षिणेचा मंद वारा सुटला, सगळ्यांना वाटलं काम झालं. आणि बेटावरून ईशान्येचं वादळ उतरलं. चौदा दिवस जहाज भरकटलं, माल समुद्रात फेकावा लागला, आणि शेवटी 800 किलोमीटरहून दूर माल्टाच्या किनाऱ्यावर ते फुटलं. माणसं वाचली, जहाज गेलं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात काय पाहावं? ॲरिस्टॉटल 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात नेमकं वादळात माल फेकण्याचं उदाहरण घेतो. एरवी कोणी आपला माल आपण होऊन समुद्रात टाकत नाही. पण जीव वाचवायचा तर शहाणा माणूस टाकतो. खरं आहे. पण आमचं म्हणणं असं, की या गोष्टीतली खरी निवड माल फेकताना झालेली नाही. ती आधीच, शांत पाण्यात, मंद वाऱ्यात झाली होती. वादळात फक्त तिची किंमत चुकती केली.

आणि ती निवड कशी झाली पाहा. त्यांनी दोन बंदरांची तुलना केली. फिनिक्स चांगलं, हे बंदर वाईट. तुलना बरोबरच होती! पण 'तिथवर जाण्याचे दिवस उरले आहेत का' हा प्रश्न त्यांनी तुलनेच्या मागे ठेवला. सगळे प्रश्न एकाच तराजूत घातले, की असं होतं. थोडी जास्त सोय आणि जहाज गमावण्याचा धोका या गोष्टी एका काट्यावर तोलायच्या नसतात. ज्याची भरपाई होत नाही, ते आधी गाळणीतून काढायचं. उरलेल्यांत तुलना करायची.

पहिली गाळणी: आसरा

म्हणून पहिला प्रश्न आसऱ्याचा. कोणत्या दिशेचं वादळ या बंदरात शिरतं? माल्टाची मोठी नैसर्गिक बंदरं ईशान्येकडे उघडतात, म्हणजे ग्रेगालेच्याच दिशेला. तेव्हा 'माल्टा चांगलं का' असं न विचारता 'माल्टातली कोणती खाडी, किती आत' असं विचारावं लागतं. दुसरं, वारा अडला तरी लाट आत शिरून पाणी मागेपुढे झुलतं का? ते झुलणं रात्रभर दोर घासतं आणि दोर तोडतं. हे नकाशात दिसत नाही. तिथे हिवाळा काढलेल्यांनाच विचारायचं.

आमच्या वयाच्या माणसांसाठी इथे आणखी एक गोष्ट येते. तिकडे बहुतेक ठिकाणी बोटीची मागची बाजू धक्क्याला लावतात आणि मधे एक अरुंद फळी टाकतात. अंधार पाच वाजता पडलेला, फळी ओली, बोट हलते आहे, हातात भाजीची पिशवी. पाय घसरला तर खाली 15 अंशांचं पाणी. अंगावर जाड कपडे असताना त्यातून वर येणं तरुणालाही जड जातं. म्हणून धक्क्याला शिड्या आहेत का, रात्री दिवे असतात का, जवळ माणसं असतात का, हे आम्ही पहिल्याच गाळणीत घातलं. मुलीला ते आधी फार वाटलं नाही, सौ.ने तिला बरोबर पटवलं.

दुसरी गाळणी: दिवसांचा हिशेब

दुसरा प्रश्न कागदांचा. शेंगेन देशांत बाहेरच्या पर्यटकाला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस सगळे त्यात. क्रोएशियाही 1 जानेवारी 2023 पासून. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटिश माणसालाही हा नियम लागतो. आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हा हिवाळा भरतो 182 दिवसांचा. म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा नसेल, तर अर्ध्या हिवाळ्यात माणूस बेकायदा ठरतो. गंमत अशी, की संघाबाहेरच्या मालकाच्या बोटीला तिथे कर न भरता 18 महिने राहता येतं. बोटीला दीड वर्ष, बोटीत राहणाऱ्याला तीन महिने!

तुर्कस्तान आणि ट्युनिशिया शेंगेनच्या बाहेर आहेत, म्हणून पुष्कळ बोटी हिवाळ्यात तिकडे वळतात. ब्रिटिश माणसाला तुर्कस्तानातही 180 पैकी 90 दिवसच. पण ते खातं वेगळं. आपल्या पासपोर्टवर दोन्हीकडे आधी व्हिसा काढावा लागतो.

आमच्या लेकीने उन्हाळा ग्रीसमध्ये घालवला. शेंगेनचे दिवस तिथेच संपत आले. म्हणजे सिसिली, माल्टा, स्पेनचं कार्टाहेना ही नावं कितीही आवडती असली तरी गळाली. 1 नोव्हेंबरला तुर्कस्तानात शिरलं, तर 90 दिवस 29 जानेवारीला पुरे होतात. पण सगळे वापरले, तर एप्रिलच्या सुरुवातीला बोट न्यायला परत येता येणार नाही. म्हणून 80 दिवस राहायचं, 10 हातचे राखायचे, बोट तिथेच बांधून विमानाने इंग्लंडला जायचं. असा हिशेब असल्यामुळे हिवाळ्याचं बंदर खरं तर वसंतातच ठरवावं लागतं.

मग तुलना: शेजार

दोन गाळण्यांतून उरलेल्यांत मात्र मनासारखं निवडावं. इथे आम्ही शेजाराला सर्वांत जास्त वजन दिलं. उन्हाळ्यात गजबजलेली कितीतरी गावं हिवाळ्यात कुलूपबंद होतात. दुकान नाही, दवाखाना नाही. याउलट काही मरिनांत बोटीवर राहणाऱ्यांची वस्तीच भरते. सकाळी रेडिओवर सगळे एकमेकांची खबर घेतात. हवामान कसं आहे, कोणाला डॉक्टर हवा, कोणाची बोट मालकाविना आहे, तिचे दोर कोण पाहणार. रविवारी आपापला पदार्थ घेऊन एकत्र जेवण.

आमच्याकडे शेवटी फिनिके ठरलं. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. हिवाळ्यातही बाजार भरतो, मरिनात माणसं असतात, अंताल्याचा विमानतळ साधारण दोन तासांवर. पाऊस भरपूर, तो मान्य केला. पौल ज्या मायराहून निघाला ते ठिकाण तिथून जवळच आहे.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं, 'सर्वांत स्वस्त जागा का निवडू नये?' निवडावी, पण उरलेल्यांतूनच. हिवाळ्याचं भाडं बहुधा सहा-सात महिन्यांचं एकदम ठरतं आणि उन्हाळ्यापेक्षा बरंच कमी असतं. वीज अनेकदा वेगळी मोजतात. हे धरून हिशेब करा.

दुसरा प्रश्न असा, की एवढी गाळणी लावल्यावर स्वातंत्र्य उरलं कुठे? आमच्या मते ते तिथेच सुरू होतं. समुद्र कधी बंद होतो आणि पासपोर्टवर किती दिवस आहेत, हे आपल्या हातात नाही. जे हातात नाही त्यावर विचारविनिमय होत नाही, असं ॲरिस्टॉटलनेही म्हटलं आहे. ते आधी बाजूला काढलं, म्हणजे जे हातात आहे ते स्पष्ट दिसतं: कोणाच्या शेजारी राहायचं, कोणाचे दोर आपण पाहायचे आणि आपले कोणी. पुढच्या वेळी याच शेजाराचा विचार, मैत्री या विषयाच्या निमित्ताने, आपण पुढे नेऊ.