बाजारातली सुकट आणि समुद्रातलं जाळं



परवा गटाच्या बैठकीत हिशोब मिटल्यावर सुकटीचा विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, "पूर्वी ज्या पैशात पाटीभर सुकट यायची, त्यात आता मूठभर येते." सगळ्या हसल्या, पण आम्ही विचारात पडलो. समुद्र घाटाखाली, लांब. तरी आपल्या भाकरीवरचं कोरड्यास तिथूनच येतं. म्हणून आज समुद्रातल्या मासेमारीबद्दल बोलू.

मोठ्या यांत्रिक बोटी ट्रॉल नावाचं जाळं वापरतात. ते नरसाळ्यासारखं असतं. तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. बोट पुढे जाते आणि जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेते. हवी असते कोळंबी, पण जाळ्याला निवड कळत नाही. खेकडे, माकुल, पापलेटची आणि इतर माशांची पिल्लं, सगळंच त्यात येतं. ज्याला बाजारात भाव नाही अशी बरीच बारीक मासळी कारखान्यात वाळवून दळतात. ती भुकटी कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जाते. म्हणजे उद्या मोठी होऊन ताटात यायची मासळी आजच खाद्यात गेली. अंडी घालायच्या आधीच पिल्लू धरलं, तर पुढची पिढी कुठून येणार? हे म्हणजे बियाण्याचं धान्य दळून खाण्यासारखं झालं.

यावर उपाय आहेत. नेहमीच्या जाळ्याचे डोळे ओढ बसली की मिटतात. चौकोनी डोळ्यांच्या जाळ्याचे उघडे राहतात आणि पिल्लं निसटतात. म्हणून जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी डोळे ठेवायला सांगितलं जातं. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण तो बऱ्याच माशांचा विणीचा काळ. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच इंचापेक्षा लहान असेल तर धरायचं नाही.

आता आपल्याकडे या. घोडवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज. डिंभ्यात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी सहकारी संस्था करून त्याच पाण्यात मासेमारी उभी केली. त्यांचं पोट या पाण्यावर आहे. पहिल्या पावसात अंडी घालायला मासे ओढ्याला चढतात, ती वलगण. तेव्हा ओढ्यात आडवं बारीक जाळं लावलं, तर पोटात अंडी असलेली मादीच हाती लागते. एक दिवस कालवण होतं, पण वर्षभराचं नुकसान होतं. समुद्र काय, ओढा काय, नियम एकच.

मग आपण काय करायचं? बाजारात बोटाएवढं पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. वलगणीत ओढे अडवायचे नाहीत, असा ठराव ग्रामसभेत मांडा. मच्छरदाणीच्या कापडाने मासे धरणाऱ्या पोरांना समजावा.

आणि एक काम. मरळ, वाम, शिंगाळा, मळ्या, अशी आणखी किती नावं आपल्या आजीला माहीत होती? पुढच्या बैठकीत तिला बोलवा आणि यादी करा. त्यातले कोणते मासे आज दिसत नाहीत, त्यापुढे खूण करा. काय हरवलं ते कळलं, की काय जपायचं तेही कळेल.