नोकरीतला खंड कागदावर दिसू द्या

रेझ्युमेचे प्रचलित प्रकार तीन: आताच्या नोकरीपासून मागे जाणारा कालक्रमाचा, पदांऐवजी कौशल्यांभोवती बांधलेला, आणि दोन्हींचा मेळ घालणारा. मूल लहान म्हणून, आजारपणामुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे ज्यांच्या नोकरीत चार-पाच वर्षांचा खंड पडला, त्यांना हमखास दुसरा प्रकार सुचवला जातो. त्यात तारखा मागे पडतात, खंड चटकन नजरेत येत नाही. हा सल्ला मला चुकीचा वाटतो. ज्यांना आधाराची गरज आहे, त्यांचंच तो नुकसान करतो.

कागद वाचणाऱ्याची नजर कुठे जाते ते पाहा. 'लॅडर्स' या अमेरिकी नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला जेमतेम सहा सेकंद मिळत होते. २०१८ मध्ये ७.४. एका संकेतस्थळाची ही पाहणी, तेव्हा आकड्याला फार चिकटून राहू नये. पण नजर बहुतांश वेळ नाव, पद, कंपनी, तारखा आणि शिक्षण यांवरच होती, हे महत्त्वाचं. कौशल्यांच्या रेझ्युमेत नेमक्या याच गोष्टी शोधाव्या लागतात. 'हिशेबात निपुण' असं वाचल्यावर कुठे, किती वर्षं, हा प्रश्न उरतोच, आणि उत्तर सापडलं नाही की शंका येते.

यावर कुणी म्हणेल, खंड दिसला तर अर्ज बाजूलाच पडेल, निदान मुलाखतीपर्यंत तरी पोहोचू द्या. भीती खोटी नाही. काही ठिकाणी तसं होतंही. पण लपवलेला खंड मुलाखतीत निघतोच, आणि तेव्हा खंडाइतकाच लपवण्याचाही जाब द्यावा लागतो. म्हणून मेळाचा प्रकार बरा. वर चार ओळींत येणारी कामं, खाली तारखांसह नोकऱ्या, आणि खंडाला त्याची स्वतःची ओळ: 'जून २०१९ ते मार्च २०२४: कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीबाहेर, या काळात दोन दुकानांची जीएसटी विवरणपत्रं भरली.' दुकानांचं काम केलं नसेल, तर स्वल्पविरामापर्यंतची ओळही पुरेशी आहे. घर सांभाळल्याची लाज कशाला वाटावी?

नुकतीच पदवी घेतलेल्यांनी शिक्षण वर ठेवावं, एवढंच. मात्र प्रकार कोणताही निवडा, पान दोन उभ्या रकान्यांत विभागू नका. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते, आणि काही प्रणाली ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातात. मग डाव्या रकान्यातलं 'टॅली' आणि उजव्यातलं 'लेखापाल, २०१५' एकत्र होऊन 'टॅली लेखापाल २०१५' असा गोंधळ होतो. आपल्याकडे लग्नाच्या स्थळासाठी आणि नोकरीसाठी 'बायोडेटा' हा एकच शब्द चालतो, त्यामुळे वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद असा मजकूरही सवयीने शिरतो. जाहिरातीत मागितला नसेल, तर तो काढावा. खंडाच्या त्या ओळीला तेवढीच जागा लागते.