लघवी गळण्याचा त्रास मोजायचा कसा?

खोकला आला, शिंक आली, भरलेली कळशी उचलली की थोडी लघवी सुटते. काहींना लघवी लागली की धावावंच लागतं, दाराची कडी काढेपर्यंतही धरवत नाही. पहिला प्रकार ताणाचा, दुसरा घाईचा. अनेकींना दोन्ही असतात. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात हा त्रास पुष्कळ बायकांना होतो. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून त्या गप्प बसतात.

पॅडचं वजन

गळती मोजता येते. आधी वजन केलेलं पॅड लावून, पाणी पाजून बाईला तासभर चालायला, जिना चढायला, खोकायला सांगतात. मग पॅड पुन्हा तोलतात. वाढलेले ग्रॅम म्हणजे गळलेली लघवी.

पण त्रास या ग्रॅमांच्या हिशेबाने होत नाही. समजा, दोघींना रोज एकदा, थोडीशीच लघवी गळते. एक घरी असते, कपडे बदलून कामाला लागते. दुसरी एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटीवर ती दिवसभर पाणी पीत नाही, गडद रंगाचेच कपडे निवडते, ओलं लागलं तर काय म्हणून पूजेला बसत नाही. वजनकाट्यावर दोघी सारख्याच.

तिलाच विचारायचं

यासाठी प्रश्नावल्या आहेत. ‘आयसीआयक्यू’ची छोटी प्रश्नावली २००४ साली प्रसिद्ध झाली. ती मागच्या ४ आठवड्यांबद्दल विचारते: किती वेळा गळते (० ते ५ गुण), किती गळते (०, २, ४ किंवा ६), आणि रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो (० ते १०). कधी गळते, या चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. त्यावरून प्रकार ओळखायला मदत होते.

वरच्या दोघींना रोज एकदाचे ३ आणि थोड्या गळतीचे २ गुण मिळतील. अडथळ्याला पहिलीने २ गुण दिले, तर बेरीज ७, म्हणजे मध्यम त्रास. कंडक्टर बाईंनी ८ दिले, तर १३, म्हणजे तीव्र. हा फरक पॅडच्या वजनात दिसला नसता.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधली १९९७ची प्रश्नावली अधिक खोलात जाते. घरकाम, प्रवास, झोप, मनःस्थिती, नवऱ्याशी संबंध, सगळं विचारते. तिच्यात १०० म्हणजे सर्वांत जास्त त्रास. ‘आय-क्यूओएल’ या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मात्र १०० म्हणजे उत्तम, त्यामुळे नुसता आकडा वाचून निष्कर्ष काढू नये.

प्रश्न आपल्या जगण्यातले हवेत

लंडनच्या प्रश्नावलीत चालणं, धावणं, खेळ, जिम यांचा उल्लेख येतो. खुरपणीला जाणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला त्यातलं काय लागू पडणार? नुसतं भाषांतर पुरत नाही. बायकांना प्रश्न वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते तपासावं लागतं. आणि प्रश्न एकांतात विचारावेत. शेजारी सासू बसली असेल तर खरं उत्तर कसं मिळेल?

उपचारानंतर

ताणाच्या आणि मिश्र गळतीवर पहिला उपचार म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. ते जाणकाराकडून शिकून निदान ३ महिने करायचे असतात. त्यानंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरली की आधीच्या आणि आताच्या गुणांतून फरक कळतो.

लघवीत रक्त दिसलं किंवा जळजळ होत असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. एरवीही डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. किती गळते ते सांगा, आणि त्यापायी काय काय करायचं सोडलंत, तेही सांगा.