स्वभावाला औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण सगळेच सहज वापरतो. दारू न सोडणाऱ्या भावाविषयी, रागीट सासऱ्याविषयी, आळशी मुलाविषयी. ऐकायला ती निरुपद्रवी वाटते. आम्हांस ती तशी वाटत नाही. ज्या चातुर्वर्ण्याने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याचा पायाच हा होता की गुण जन्माबरोबर येतात, गुणांवरून काम ठरते आणि त्यात बदल संभवत नाही. बौद्धाच्या तोंडी ही म्हण शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथागतांनी नित्य, अविकारी आत्मा नाकारला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध मिळून माणूस, आणि हे पाचही सतत बदलणारे. ज्याला आपण स्वभाव म्हणतो ते पुष्कळसे पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींनी पडलेले वळण असते. पडलेले वळण मोडताही येते. (विद्यार्थ्यांनी अनित्य, अनात्म हे शब्द परीक्षेपुरते पाठ करण्याऐवजी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.)

ही पुस्तकी गोष्ट वाटत असेल तर मार्च १९२७ ची महाड परिषद आठवावी. चवदार तळे सर्वांना आठवते. पण त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी बजावले होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. पोटाला दुसरे काही नसताना पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती रीत. गावोगावच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी ती सोडली, ढोरे ओढणे नाकारले आणि त्यापायी गावाचा रोषही सोसला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला २२ प्रतिज्ञा घेणारे लोक ते हेच.

आणि आज आपण? नोकरी लागली, घर झाले, मुले शिकली. तरीही मुलीचे लग्न निघाले की कर्ज काढून हॉल, बँड, आहेर, मानपान. हप्ते फिटेपर्यंत नातवंड शाळेत जाऊ लागते! विचारले तर उत्तर मिळते, ‘चार लोकांत मिरवावे हा माणसाचा स्वभावच आहे.’ पुन्हा तीच म्हण.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. सचोटीने मिळविलेले धन जवळ असणे हे अत्थिसुख. त्याचा उपभोग घेणे व त्यातून पुण्यकर्म करणे हे भोगसुख. कुणाचे थोडे वा फार देणे नसणे हे अनणसुख. काया-वाचा-मनाने निर्दोष राहणे हे अनवज्जसुख. ऐकणारा साधा माणूस नव्हता. जेतवन विकत घेऊन दान देणारा श्रावस्तीचा तो श्रेष्ठी होता. त्यालाही ऋणमुक्ती हे स्वतंत्र सुख म्हणून सांगावे लागले, हे आम्हांस विशेष वाटते. पहिली तिन्ही सुखे निर्दोष जीवनाच्या सुखाच्या सोळाव्या भागाएवढीही नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. त्या सुखाला तर पैसाच लागत नाही.

हिशेबाची रीत सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. लग्नाच्या कर्जाला यात कोठेच जागा नाही. आपल्या विवाहविधीस तरी काय लागते? त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि दोन हार. यंदा ज्या सभासदांच्या घरी कार्य आहे, त्यांनी हॉल ठरविण्यापूर्वी नवऱ्या मुलाला आणि मुलीला समोर बसवून हे चार भाग कागदावर मांडून पाहावेत.