दुष्काळातील कृतज्ञता

संकट आले म्हणजे देवाचा धावा कोणीही करतो. ते टळल्यावर त्याचे उपकार स्मरणारे थोडे. परंतु ज्याचे संकट टळलेच नाही, सर्वस्व गेले, त्याने देवाचे आभार कशासाठी मानावेत? या प्रश्नाचे उत्तर देहूच्या तुकोबांच्या जीवनात सापडते.

शिवछत्रपतींचा जन्म झाला त्या १६३० सालाच्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, व्यापार होता, गुरेढोरे होती. दुष्काळात द्रव्य आटले, दिवाळे निघाले, पत गेली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही दगावला.

याच तुकोबांनी पुढे एका अभंगात, दिवाळे निघाले, अपमान झाला, धन गेले ते बरेच झाले, असे देवाला सांगितले आहे. हे वैराग्याचे कोरडे बोल नव्हेत. दुसऱ्या एका अभंगात आपल्या पत्नीचा भूकबळी आणि त्या दुःखाने झालेली जिवाची तगमग त्यांनी लपविलेली नाही. दोन्ही उद्गार एकाच मुखातले आहेत. कृतज्ञता दुःखाला खोटे ठरवीत नाही. दुःखातून जी वाट देवाकडे गेली, तिचे ती ऋण मानते.

आणि ही वाट निष्क्रियतेची नव्हती. पडझड झालेले देऊळ पुन्हा उभारण्याचे त्यांनी मनावर घेतले. परंपरा सांगते, की कर्जखतांची निम्मी वाटणी धाकटे बंधू कान्होबांना देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने नाडलेल्या ऋणकोंकडून वसुली करणे त्यांना मानवले नाही. ज्याची भिस्त देवावर, त्याला दुसऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास आपल्या हाती धरून ठेवण्याची गरज उरत नाही.

सरकारी नोकरीत टंचाईच्या गावी जाण्याचे प्रसंग मला आले आहेत. कोरड्या विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘झाले ते बरेच झाले’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते वाक्य ज्याने सोसले त्यानेच, तेही देवापाशी, उच्चारावे. इतरांच्या वाट्याला येते ते खते बुडविण्याचे काम. संकटात देवावर विसंबणारा माणूस शेजाऱ्याला विसंबता येईल असा झाला, तरच त्याची कृतज्ञता देवापर्यंत पोहोचली, असे समजावे.